निरोगी असल्याचा दाखला

स्कूटर मी विसरलो नव्हतो. ती मी मंडईसमोर लावली होती आणि घरी चालत आलो होतो, एवढंच. ह्या दोन गोष्टींत फरक आहे, आणि गेले कित्येक महिने तो फरक मी घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि दोन कार्यालयांतल्या माणसांना समजावून सांगतो आहे. एकाच्याही डोक्यात तो शिरलेला नाही आणि तरीही डोकं तपासायचं ते माझं.

झालं असं, की मंडईबाहेर रस्ता खणून ड्रेनेजची नवी लाइन टाकत होते आणि तिचा उतार उलटा होता. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेला माणूस मी. उलटा उतार दिसला की मला तिथून पुढे जाता येत नाही. मी तिथल्या मुकादमाशी भांडलो. तो म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा, पडाल. भांडणातली उत्तम उत्तरं नेहमी भांडण संपल्यावर सुचतात, तशी ती मला सुचू लागली आणि सुचता सुचता मी चालत घरी पोचलो. दारात बायकोने विचारलं, भाजी कुठाय. भाजी डिकीत होती. डिकी स्कूटरला होती.

मुलगा तसा गुणी आहे, पण त्याच्या हातात फोन असतो. त्याने त्या संध्याकाळी कुठलासा लेख शोधून काढून मला मोठ्याने वाचून दाखवला. निरोगी म्हाताऱ्या माणसांनी डोकं चालतं ठेवावं, नवीन काही शिकावं, हाताने काही घडवावं, कॉम्प्युटर वापरावा, खेळ खेळावेत, चार माणसांत मिसळावं. असं केल्याने बुद्धी मंदावण्याचा वेग कमी होऊ शकतो. मी त्याला 'शकतो' ह्या शब्दावर थांबवलं. होतो की होऊ शकतो? तो म्हणाला, बाबा, अजून नक्की सिद्ध झालेलं नाही, पण मदत होऊ शकते. मी म्हटलं, ही टाकी उभी राहू शकते असं लिहून मी एकाही नकाशावर सही केली असती, तर आज तू तुरुंगात मला भेटायला येत असतास. ह्यावर त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. एखाद्याच्या देखत त्याच्याविषयी डोळ्यांनी बोलणं ह्यासारखा उद्धटपणा नाही.

बातमी बिल्डिंगभर झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते अजूनही जिना उतरताना दोन्ही बाजूंना वर्ग आहेत असं समजून बघतात. त्यांनी सांगितलं, डाव्या हाताने दात घासा, मेंदूचा न वापरलेला भाग जागा होतो. माझा कुठला भाग जागा झाला ते कळलं नाही, पण हिरडी सोलवटली आणि तीन दिवस मी एका बाजूने जेवलो. समोरच्या फ्लॅटमधल्या नर्सबाई म्हणाल्या, रोज वीस मिनिटं उलटं चाला. खालच्या पार्किंगमध्ये मी उलटा चालू लागलो. पाचव्या फेरीला पाठीमागून कशावर तरी जोरात आदळलो. ते हेडमास्तर होते. तेही उलटेच चालत होते. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला मागचं दिसत नाही का. 

शेवटी बायकोनेच वॉर्डाच्या ज्येष्ठ नागरिक केंद्राचा पत्ता काढला. तिथे 'चलाख मन' नावाचा तीन महिन्यांचा वर्ग होता. मातीकाम, कॉम्प्युटर, गाणं आणि सोंगट्यांचे खेळ. तिने दोघांचे अर्ज आणले. माझ्यासाठी म्हणून आणले असं ती म्हणाली, पण तिच्या अर्जावर मातीकामापुढची खूण आधीच केलेली होती आणि ती इतकी दाबून केली होती, की मागच्या पानावर उमटली होती. तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

वर्ग फक्त निरोगी ज्येष्ठांसाठी होता. तसं छापलेलंच होतं. म्हणजे आपण निरोगी आहोत असा दाखला हवा, आणि तो वॉर्डाच्या दवाखान्यात डोक्याची परीक्षा देऊन मिळणार.

बायको आधी आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. मग मी गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलापेक्षाही लहान होत्या. त्यांनी सुरुवातच 'हं, आजोबा' अशी केली. मुकादमानंतर हे दुसऱ्यांदा. मी म्हटलं, मी आपला आजोबा नाही, अर्जदार आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिल्यांदा त्यांनी एक वाक्य म्हणून दाखवलं आणि जसंच्या तसं म्हणायला सांगितलं. वाक्य होतं, 'पाऊस थांबला तेव्हा माळी, जो की आजारी होता, तो बागेत गेला.' असलं मराठी माझ्या तोंडून येणार नाही. मी म्हटलं, 'आजारी असलेला माळी पाऊस थांबल्यावर बागेत गेला.' गुण शून्य. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि इथे त्यांचा फोन वाजला. दुसऱ्याच्या फोनमध्ये आकडे ओरडायचे नाहीत एवढी रीत मला कळते, म्हणून मी थांबलो. त्यांनी फोनवर बोलता बोलता लिहिलं, 'तीन वजाबाक्यांनंतर अडखळले.'

आणि मग घड्याळ. एक गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी कंपास मागितला. नाही म्हणाल्या. कोनमापक मागितला. तोही नाही. मग मी खिशातल्या बसच्या तिकिटाची घडी घालून काटकोन केला, त्यावरून केंद्र काढलं आणि परीघ ठिपक्याठिपक्याने आखायला घेतला. लोकांना वाटतं, अकरा वाजून दहा म्हणजे लहान काटा अकरावर. चूक. दहा मिनिटांत तो पाच अंश पुढे सरकतो. दोन काट्यांमध्ये पंच्याऐंशी अंशांचा कोन हवा. हे मी त्यांना समजावून सांगत होतो आणि माझे सात आकडे इतके नेमके बसले होते, की तो कागद मी फ्रेम करून लावला असता. तेवढ्यात वेळ संपली. काटे काढायचे राहिले.

बायकोला तीसपैकी अठ्ठावीस. तिचं घड्याळ मी नंतर पाहिलं. बटाट्यासारखं होतं. काटे झुरळाच्या मिशांसारखे, दोन्ही एका लांबीचे. पैकीच्या पैकी. मला एकोणीस. दाखल्यावर लिहिलं होतं, 'बौद्धिक क्षमतेत घट असल्याचा संशय. सहा महिन्यांनी फेरतपासणी.'

केंद्रातल्या कारकून बाईंनी दाखला वाचला आणि माझा अर्ज परत दिला. वर्ग निरोगी लोकांसाठी आहे, काका. मी विचारलं, मग रोग्यांसाठी काय आहे. म्हणाल्या, दुसऱ्या इमारतीत वेगळा वर्ग आहे, पण त्याला पक्कं निदान लागतं, तुमचा नुसता संशय आहे. म्हणजे धड निरोगी नाही आणि धड रोगीही नाही. देवांनीही त्रिशंकूला लटकायला निदान आकाश दिलं होतं. मला त्या बाईंनी बाकड्यावर बसून घ्यायला सांगितलं, कारण माझा आवाज चढला होता.

घरी आल्यावर दाखला मुलाने वाचला आणि स्कूटरची किल्ली स्वतःच्या खिशात घातली. काही दिवस, बाबा, म्हणाला. मी त्याला दुचाकी चालवायला शिकवली ती ह्याच हातांनी मागची सीट धरून. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. साखर. मीठ. चहा. जावयाचा फोन आला तर तोही माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागला, जसा काही मी विहिरीत पडलोय आणि तो काठावर उभा आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. पण बुधवार आला. बुधवारी मी ताईला खांद्याच्या व्यायामासाठी नेतो. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. मुलाने तिच्यासाठी टॅक्सी पाठवली. तिने ती परत पाठवली आणि पिशवी मांडीवर घेऊन दाराच्या पायरीवर तासभर बसून राहिली. मग तिचा फोन आला. आवाजात दया नव्हती, हेच खूप.

"किल्ली देत नाहीत म्हणे तुला. मग बसने ये. मी बसलेय."

दोन बस बदलून मी गेलो. व्यायामाची वेळ टळून गेली होती. पुढच्या बुधवारपर्यंत तिचा हात खांद्याच्या वर जाईना आणि वेणी शेजारणीकडून घालून घ्यावी लागली. ते पाहिलं आणि मी ठरवलं, आता सोडायचं नाही.

मी परीक्षेच्या कागदाची प्रत मागण्यासाठी अर्ज केला. केंद्राने सांगितलं, दवाखान्यात करा. दवाखान्याने सांगितलं, ऑनलाइन करा. चौकातल्या झेरॉक्सवाल्या बाईने दोन दिवस रोज तासभर शेजारी बसवून मला ऑनलाइन अर्ज शिकवला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, आता तुमचं तुम्ही करा, माझी गिऱ्हाइकं खोळंबतात. एकंदर सात अर्ज केले. सातही आवक क्रमांक मला पाठ आहेत, कुणीही विचारावं. कुणी विचारत नाही. हेडमास्तर माझ्या अर्जांतलं शुद्धलेखन तपासून देत आणि शेवटी तांबड्या पेनाने शेरा मारत. एकदा 'बरे' मिळालं, एकदा 'प्रयत्न हवा'.

शेवटी दोन्ही घड्याळांच्या प्रती हातात आल्या. माझ्या अर्जात मी बायकोचीही प्रत मागितली होती, तुलनेसाठी. मी कपाटावरून टी-स्क्वेअर काढला, ट्रेसिंग पेपर ताणून लावला आणि चार दिवस खपून तुलनात्मक नकाशा तयार केला. डावीकडे अर्जदाराचे घड्याळ, परिघातील चूक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. उजवीकडे अर्जदाराच्या पत्नीचे घड्याळ, काट्यांमधील कोन पंच्याऐंशीऐवजी एकशे अठरा अंश, लहान-मोठा काटा ओळखू येत नाही, सदर घड्याळात नेमके किती वाजले आहेत हे सांगता येत नाही. खाली प्रमाण, दिनांक, सही. निवृत्तीनंतर इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. मी तो नकाशा गुंडाळी करून, लेखी तक्रारीसोबत केंद्रात नेऊन दिला आणि पोच घेतली.

बायकोला काही सांगितलं नाही. ती घरी असते कुठे. तिच्या वर्गाचा पाचवा आठवडा चालू होता. नखांत माती घेऊन यायची आणि भाजी चिरताना काहीतरी गुणगुणायची. तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं, म्हणजे ऐकलं असेल, पण फार वर्षांपूर्वी.

आठ दिवसांनी केंद्राचं पत्र आलं. माझ्या नावाने नव्हे, तिच्या. आपल्या परीक्षेतील घड्याळाबाबत लेखी तक्रार प्राप्त झाली असून तीत तथ्य आढळते, सबब चौकशी पूर्ण होईपर्यंत आपला प्रवेश स्थगित करण्यात येत आहे. सोबत माझ्या नकाशाची प्रत. माझ्याबद्दल त्या पत्रात एक ओळ नव्हती.

तिने पत्र वाचलं, नकाशा उलगडला, बराच वेळ बघितला. मग आत जाऊन हात धुतले. हात स्वच्छच होते. मी दारात उभा राहून सांगू लागलो, की उद्देश तो नव्हता, मुद्दा केवळ तांत्रिक होता, आणि दोष परीक्षेच्या पद्धतीचा आहे हे परिच्छेद चारमध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे.

"माझं घड्याळ मोजलंत तुम्ही," ती म्हणाली.

तिने नळ बंद केला.

"तीस वर्षं ऑफिसात लोकांची बोलणी कानावर घेतली. घरी आले की तुमची. ह्या पाच आठवड्यांत मला कुणी काही ऐकवलं नाही. माती बोलत नाही, तेवढ्यासाठी जात होते मी."

आवाज चढवून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पण ती डबे पुसायला लागली आणि त्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढून टाकल्या. मला वाटलं, माझ्यावरचा संशय फिटला. नंतर लक्षात आलं, आता मी साखर समजून मीठ खाल्लं तरी तिला त्याचं सोयरसुतक उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार मागे घ्यायला गेलो. तिलाही यावं लागलं, कारण पुन्हा प्रवेशासाठी तिची सही हवी होती. बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, मी मागे. कारकून बाईंनी एक छापील नमुना काढून दिला. तक्रार मागे घेण्याची कारणं त्यावर तीनच होती. एक, तक्रारदार मयत. दोन, तक्रारदार स्थलांतरित. तीन, तक्रार करतेवेळी तक्रारदार भानावर नव्हता. योग्य तिथे खूण करा.

मी विचारलं, चौथं कारण लिहू का, तक्रारदाराची चूक झाली म्हणून. बाई म्हणाल्या, तशी रकाना नाही, काका. मी म्हटलं, तसा रकाना. त्यांना कळलं नाही. मी पहिल्या कारणाकडे खूप वेळ बघत राहिलो. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो आणि तो तक्रारदाराला स्वतः आणता येत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दुसऱ्यासाठी घर सोडावं लागलं असतं, आणि त्या क्षणी घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं तरी ते माझं घर होतं.

म्हणजे तिसरं. ज्या गोष्टीविरुद्ध मी सात अर्ज केले, डोक्यावर उन्हं घेत बसथांबे पालथे घातले, तीच गोष्ट आता स्वतःच्या हाताने लिहून द्यायची होती. पेन घेतलं, टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं. पण मी खूण केली. खाली नीट अक्षरात लिहिलं, 'पत्नीचे घड्याळ बरोबर आहे.' चौतीस वर्षांत मी चुकीच्या नकाशावर सही केली नव्हती. ती त्या दिवशी केली. तारीख घातली आणि कागद पुढे सरकवला.

बाईंनी कागद वाचला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, ह्या वेळी निराळ्या तऱ्हेने.

"काका, महिना कुठला लिहिलाय?"

मी बघितलं. फेब्रुवारी. भिंतीवर त्यांच्या मागे कॅलेंडर होतं आणि त्यावर एप्रिल होता. अर्धा एप्रिल संपला होता. मी तोंड उघडलं. माझ्याकडे कारण असायला हवं होतं, कारण नेहमी असतं. अर्ज फेब्रुवारीत सुरू झाले, रोज तेच लिहून हाताला वळण पडलं, असं काहीतरी. पण ते मला तेव्हा सुचलं नाही. त्या दोन-चार क्षणांत मला राग आला नव्हता. काय आलं होतं ते मी सांगणार नाही.

"मी सांगितला त्यांना महिना," बायको मागून म्हणाली. "माझंच चुकलं."

तिची फाइल टेबलावर उघडी होती. तीसपैकी अठ्ठावीस, पुन्हा प्रवेशासाठी प्रस्तावित. बाईंनी फाइलकडे बघितलं, मग तिच्याकडे. हिलाही महिना कळत नाही, एवढं एक वाक्य बाईंनी त्यात लिहिलं असतं तर तिची माती कायमची गेली असती, आणि हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. ती पर्स पोटाशी धरून सरळ उभी होती, एक्स्चेंजमध्ये लाइन लागण्याची वाट बघत बसावं तशी.

"दोघांपैकी एकाने तरी कॅलेंडर बघत जा हो," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

बसथांब्यावर आम्ही बराच वेळ उभे होतो. मी विचारलं, "तुला माहीत होता ना महिना?"

ती म्हणाली, "बस आली." बस आली नव्हती. पण ती माझ्या शेजारी उभी होती, आणि आल्यावर शेजारीच बसली.

किल्ली तिनेच त्या संध्याकाळी मुलाकडून परत घेतली. त्याने विचारलं, जबाबदारी कोणाची. ती म्हणाली, माझी. अट एकच घातली, स्कूटर जिथे लावीन तिथून तिला फोन करून जागा सांगायची. हा अपमान आहे. मी रोज फोन करतो. मंडई, डावी बाजू, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या समोर. ती 'बरं' म्हणते आणि ठेवते. ताईचा हात आता कानापर्यंत जातो. तिला मात्र बसच आवडू लागली आहे. म्हणते, स्कूटरवर तुझं अख्ख्या रस्त्याशी भांडण ऐकावं लागतं, बसमध्ये निदान ड्रायव्हर दुसरा असतो. माझी फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे. घड्याळ दहा सेकंदांत काढायचा सराव हेडमास्तर माझ्याकडून करून घेतात आणि वाकडं आलं की शाबासकी देतात. मला अजून राग येतो.

वर्गाच्या शेवटच्या आठवड्यात बायकोने स्वतः घडवून भट्टीत भाजलेला मातीचा पेला घरी आणला. एका बाजूला कललेला, कान उपरा चिकटवल्यासारखा, आणि बुडाशी केसाएवढी चीर. तिने त्यात चहा ओतून माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसून राहिली. चहा टेबलावर पाझरत होता. मी पेला उचलला. गळून जायच्या आत संपवावा लागतो, म्हणून भराभर प्यालो. जीभ भाजली. तेव्हापासून रोज सकाळी त्याच पेल्यात चहा मिळतो, रोज जीभ भाजते, आणि मी काही बोलत नाही.